आवडाबाईनं कॉलेज पारखलं

वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावच्या भाजीबाजारात आवडाबाईशी भाव करायला सहसा कुणी धजत नसे. भाव ती वाजवीच सांगायची आणि काट्यात मारायची नाही, तेव्हा घासाघीस करायला जागाच उरत नव्हती. पण तिचा खरा दरारा विकण्यातला नव्हता, घेण्यातला होता. बियाणं असो, फवारा असो की लुगडं, घ्यायचं म्हटलं की बाई इतकं विचारायची की समोरच्याला घाम फुटायचा.

मालेगावपासून तीनचार किलोमीटरवर त्यांचा अडीच एकरांचा मळा. वांगी, भेंडी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, काय हंगाम असेल ते. नवरा हिरालाल अबोल माणूस. पाणी देणं, फवारणं, खुरपणं त्याच्याकडे. एकुलता एक मुलगा पवन पिकअप चालवायचा आणि आपली नि शेजारच्या चार मळ्यांची भाजी सकाळी अकोल्याला पोचवायचा. बाजारात बसायचं ते आवडाबाईनं. शाळा तिची चौथीतच संपली होती. सोळाव्या वर्षी लग्न होऊन ती या घरात आली, तेव्हा घरची भाजी दलाल उचलून न्यायचा आणि तो हातावर ठेवील ते घरात यायचं. दोन वर्षं तिनं ते मुकाट पाहिलं. मग एक दिवस टोपलं डोक्यावर घेतलं आणि सरळ बाजारात जाऊन बसली. सासऱ्यानं महिनाभर बोलणं टाकलं. महिन्यानंतर त्यानंच तिला बसायला लाकडी पाट करून दिला.

एकदा तिनं आणलेल्या वांग्याच्या बियाण्यानं दगा दिला. पाकिटावर काटेरी, जांभळं, गोल वांगं. झाडाला लागली हिरवी, लांबोडकी. दुकानदार म्हणाला, दोष तुमच्या जमिनीचा. दुसऱ्या दिवशी आवडाबाईनं चाळीस झाडं मातीसकट उपटली, दुकानाच्या पायरीवर रचली आणि शेजारी बसून राहिली. येणारं-जाणारं गिऱ्हाईक विचारू लागलं. दुपारपर्यंत पैसे परत आले. तेव्हापासून ती म्हणायची, "पाकिटावरचं वांगं खाता येत नाई, बाप्पा."

अशा या बाईनं सून मात्र फारसं न विचारताच आणली होती. हे तिच्या लक्षात आलं तीन वर्षांनी, वाशीमच्या सरकारी दवाखान्यात.

त्या पावसाळ्यात हिरालालला डेंग्यू झाला. नऊ दिवस तो दवाखान्यात होता. आवडाबाई मळा आणि बाजार सांभाळून डबा घेऊन यायची. बाकी दिवसभर त्याच्याजवळ सून उज्ज्वला असायची, रात्री पवन. उज्ज्वला अनसिंगची, फुलचंद माळ्याची मुलगी. बोलणं कमी, हात चलाख. सहाव्या दिवशी आवडाबाई डबा घेऊन वॉर्डात शिरली, तर सिस्टर उज्ज्वलेला रागावत होती आणि उज्ज्वला खाली मान घालून उभी होती. झालं असं होतं की हिरालालच्या हाताला सूज चढत होती. सलाईन शिरेत न जाता बाहेर मांसात उतरत होतं. त्याला झोप लागली होती, त्याला कळलं नाही. उज्ज्वलेनं ते पाहिलं, नळीवरचं चाक फिरवून सलाईन बंद केलं आणि सिस्टरला बोलवायला धावली.

"पुन्हा नळीला हात लावायचा नाही. आधी मला हाक मारायची," सिस्टर म्हणाली. तिचं नाव मंजू. पंचविशीतली नव्हे, चांगली पंचेचाळिशीची, साऱ्या वॉर्डाला धाकात ठेवणारी. मग हिरालालच्या दुसऱ्या हाताला सुई लावता लावता तिचा आवाज उतरला. "पण पाहिलंस ते बरोबर पाहिलंस. शिकलीस किती?"

"बारावी. सायन्स."

"टक्के?"

"एक्काहत्तर."

आवडाबाई डबा हातात धरून तशीच उभी राहिली. एक्काहत्तर! घरात तीन वर्षं वावरणाऱ्या पोरीचा हा आकडा तिला ठाऊकच नव्हता. मुलगी पाहायला गेली होती तेव्हा तिनं काय विचारलं होतं? भाकरी कशी करते. भेंडी तोडताना हाताला खाज येते का. उंची किती. एका वांग्याच्या पाकिटासाठी दिवसभर पायरीवर बसणारी बाई, आणि सुनेला एवढंच विचारून घेऊन आली.

"मग पुढं काहून नाई शिकली वं?" घरी येताना एसटीत तिनं विचारलं.

"बाबा म्हणले, नर्सिंगले लय खर्च असते," उज्ज्वला खिडकीबाहेर पाहत म्हणाली. "इचारलं कोनालेच नाई. कोनीतरी सांगतलं, त्यायनं ऐकलं."

न विचारता ठरवलं, या गोष्टीचा आवडाबाईला मनापासून राग यायचा. चार दिवसांनी हिरालाल घरी आला, त्याच्या अंगात जरा ताकद आली, तसं तिनं जेवताना विषय काढला. "उज्ज्वलेले नर्सिंग शिकवायचं."

पवनचा घास हातातच राहिला. "मा, चार वरसं लागतात त्याले! मळ्यात कोन करन? अन् लोक काय म्हणतीन?"

"मळ्यात बाई लावू. लोकायचं मी पाहून घेतो."

"पण..."

हिरालाल सहसा मध्ये बोलत नसे. त्या दिवशी त्यानं आपला सुजून उतरलेला हात ताटाशेजारी ठेवला आणि म्हणाला, "हा हात तिनं वाचोला. शिकू द्या तिले." पवननं पुढं वाद घातला नाही. रुसवा मात्र आठवडाभर धरला.

लोक बोललेच. लग्नाला तीन वर्षं झाली, पाळणा हलला नाही, आणि सुनेला कॉलेजात धाडतात, हे एका शेजारणीनं विहिरीवर ऐकवलं. आवडाबाई शांतपणे म्हणाली, "पाळणा हालन तवा हालन. तो हालला की नर्स घरातच असन, दुसरीकडं पाहाले नको."

पहिली अडचण निघाली ती नावाची. बारावीची गुणपत्रिका माहेरच्या नावावर, आधार कार्ड सासरच्या. सेतू केंद्रातला पोरगा म्हणाला, दोन्ही बाया एकच आहेत याला पुरावा काय? पुरावा म्हणजे लग्नाचं प्रमाणपत्र, आणि लग्नाची नोंद तर कुणी केलीच नव्हती. तेव्हा तीन वर्षांनंतर पवन आणि उज्ज्वला ग्रामपंचायतीत जाऊन पुन्हा एकदा रीतसर नवरा-बायको झाले. साक्षीदार म्हणून आवडाबाईनं सही ठोकली. जातीचा दाखला माहेरचाच लागणार होता, म्हणून ती सुनेला घेऊन अनसिंगला गेली. व्याह्यांना वाटलं, मुलीचं काही चुकलं म्हणून विहीणबाई तक्रार घेऊन आल्या. फुलचंद हात जोडूनच बाहेर आला. "हात कायले जोडता?" आवडाबाई म्हणाली, "कागद काढा पेटीतले. पोरगी शिकून राह्यली तुमची."

सीईटीचा अभ्यास उज्ज्वलेनं भेंडी निवडता निवडता केला. मोबाईल टोपल्याला टेकवून ठेवायची, कानात वायर, आणि हात मोठी-लहान भेंडी वेगळी करत राहायचे. मे महिन्यात परीक्षा झाली. निकाल लागला तेव्हा मार्क फार डोळे दिपवणारे नव्हते, पण नंबर लागण्याजोगे होते.

निकालाच्या तिसऱ्याच दिवशी आदर्श घरी आला. आदर्श पवनचा शाळेतला मित्र; मालेगावच्या बस स्टँडसमोर त्यानं प्रवेश मार्गदर्शनाचं ऑफिस काढलं होतं. इस्त्रीचा शर्ट, हातात गुळगुळीत कागदाचं रंगीत पुस्तक. त्यावर काचेची इमारत, पोपटी रंगाचं मोठं फाटक, आणि आत पांढऱ्याशुभ्र खाटांची रांग.

"काकू, सरकारी प्रवेशाच्या फेऱ्यायच्या नादी लागू नका. थे होत राह्यतात ऑक्टोबरपर्यंत, तोवर सीटा संपतात," तो म्हणाला. "इथं डायरेक्ट अॅडमिशन. फी एक लाख दहा हजार वर्षाले, पण स्कॉलरशिप बसते, सारी वापस येते. म्हणजे फुकटच समजा. फक्त आज वीस हजार टोकन अन् ओरिजिनल कागद द्या."

पवनचा चेहरा उजळला. रोज अकोल्याच्या रस्त्यावर गाडी हाकणाऱ्याला एका फेरीत काम होतंय हे बरंच वाटणार. आवडाबाईनं पदर सावरला आणि सुरू झाली.

"वापस कोन देते?"

"सरकार."

"कोनाच्या खात्यात? तिच्या की कॉलेजच्या?"

"थे... पाहून सांगतो."

"नाई आली त मंग?"

"येतेच काकू, सगळ्यायची येते."

"सगळ्यायची येते त एका पोरीचं नाव सांग, जिची आली. मी बोलतो तिच्याशी."

आदर्शनं रुमाल काढून कपाळ पुसलं. "अन् कागद ओरिजिनल काहून?" ती पुढं म्हणाली, "चार वर्षं तुमच्याकडं राह्यले अन् मधात पोरीले नाई जमलं, त सोडवून आणाले काय द्या लागन?"

आदर्श उठायला लागला. आवडाबाईनं वीस हजार दिले नाहीत, कागदही दिले नाहीत. पुस्तक तेवढं ठेवून घेतलं. तो गेल्यावर तिनं वाशीमला मंजू सिस्टरला फोन लावला.

"बरं केलंत," सिस्टर म्हणाली. "नीट ऐका. सरकारी फेरीतून नंबर लागला, तर तुमच्या उत्पन्नात मुलीची शिकवणी फी सरकार भरतं. दरवर्षी अर्ज नव्यानं करायचा, पास होत राहायचं. पण डायरेक्ट, मॅनेजमेंटच्या जागेवर गेली, तर ती सवलत नाही. मग सगळी फी तुमच्या अंगावर. आणि आवडाबाई, नर्सिंगचं कॉलेज पाहायला गेलात तर वर्ग पाहू नका. त्याचा दवाखाना पाहा. पेशंट नसतील तर पोरी शिकणार कुणावर?"

त्याच आठवड्यात आवडाबाई टमाटे घेऊन शेलूबाजारच्या बाजाराला गेली. तिथं तिच्या शेजारी बसायची रुखमाबाई, तांड्यावरची. हंगामात ऊसतोडीला जायची, बाकीच्या दिवसांत लिंबं नि सीताफळं विकायची. दोघींची जुनी ओळख. गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा आवडाबाईनं ते रंगीत पुस्तक काढून पुन्हा चाळायला घेतलं. रुखमाबाई सहज वाकली आणि एकदम खळखळून हसली.

"हे कुठून आणलं, बाई? मी होती इथं! याच खाटेवर!" तिनं फोटोतल्या खाटांच्या रांगेवर बोट ठेवलं.

"तुले काय झालं होतं?"

"मले? मले काय होते! गेल्या साली तांड्यावर जीप आली. म्हणे दिवसभर निजून राहायचं, तीनशे रुपये अन् जेवण. आमी चौदा जणी गेलो. दिल्लीहून कोन्ते साहेब येणार होते म्हणे तपासाले. मले सांगतलं, तू पोट धरून कण्हत राहाय. कण्हली मी. साहेबानं इचारलं, कुठं दुखते? मी म्हणलं, सारीकडं!" रुखमाबाईच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं. "जेवण चांगलं होतं पण. वरण, भात अन् जिलेबी. आजाऱ्याले जिलेबी!"

आवडाबाईही हसली. पण हसता हसता तिनं पुस्तक मिटलं. वीस हजार दिले असते तर? उज्ज्वला चार वर्षं कुणाची नाडी पाहणार होती? रुखमाबाईची?

तरी ऐकीव गोष्टीवर निकाल द्यायचा नाही, हा तिचा नेम. दोन दिवसांनी ती उज्ज्वलेला घेऊन निघाली. दोन एसटी आणि एक जीप बदलून, शेजारच्या जिल्ह्यातलं ते पोपटी फाटक गाठलं. फाटकावरच्या माणसाला तिनं सांगितलं, पोट दुखतंय, दाखवायचं आहे. तो म्हणाला, डॉक्टर आज नाहीत. उद्या? उद्याही सांगता येत नाही. पाणी पिऊ द्या म्हणून दोघी आत गेल्या. वॉर्डाचं दार नुसतंच लोटलेलं होतं. आत पन्नास खाटा. एकीवरही माणूस नाही, आणि निम्म्या गाद्यांवरचं प्लास्टिकचं वेष्टणसुद्धा अजून निघालेलं नव्हतं.

बाहेर नळावर एक विद्यार्थिनी बाटली भरत होती. उज्ज्वलेनं तिला हळूच विचारलं, कितव्या वर्षाला आहेस. "दुसऱ्या," ती म्हणाली. इकडंतिकडं पाहून पुढं म्हणाली, "ताई, बीपी आम्ही एकमेकींचाच घेतो. इंजेक्शन उशीला देतो. मी कागद सोडवून निघाले असते, पण चारही वर्षांची फी मागतात."

येताना जीपमध्ये आवडाबाईनं आपल्या पिशवीतला पेरू काढून उज्ज्वलेच्या हातात दिला, एवढंच.

मालेगावला उतरल्यावर ती थेट आदर्शच्या ऑफिसात गेली. ओरडली नाही. पाहिलं ते सगळं सांगितलं. पोराचा चेहरा पडत गेला. "मी कधी आत गेलोच नाई, काकू," तो म्हणाला. "मले पोरीमागं पैसे भेटतात. फाटकापर्यंत सोडतो अन् येतो."

"न पाह्यता माल इकते का रे कोनी?" आवडाबाई म्हणाली. "माह्या टोपल्यात एक सडकं वांगं निघालं त बाई दुसऱ्या दिवशी माह्या तोंडावर आणून टाकते. तू त पोरींचे चार वरसं इकून राह्यला." महिन्याभरानं त्या कॉलेजची पाटी आदर्शच्या ऑफिसवरून उतरलेली तिनं बाजारातून येताना पाहिली.

सरकारी फेऱ्या लांबल्या, हे आदर्शनं खरं सांगितलं होतं. पवन रोज विचारायचा, आलं का काही? उज्ज्वला मोबाईल उघडून मान हलवायची. अखेर एकाच आठवड्यात दोन ठिकाणी नंबर लागल्याचं कळलं. एक वाशीमला, सरकारी, तीन वर्षांचा जीएनएमचा डिप्लोमा. दुसरा अकोल्याच्या एका खाजगी कॉलेजात, चार वर्षांची बीएस्सी नर्सिंगची पदवी, शिकवणी फी सरकारकडून.

आवडाबाईनं दोन्ही पाहायचं ठरवलं. वाशीमचा दवाखाना तर नऊ दिवसांच्या ओळखीचा. फी नाममात्र, महिन्याला थोडं विद्यावेतन, आणि वॉर्ड असे भरलेले की पाय ठेवायला जागा नाही. मंजू सिस्टर म्हणाली, "मी स्वतः जीएनएमच केलं. वाईट काहीच नाही. पुढं वाटलं तर दोन वर्षांत पदवी करता येते. म्हणजे तीन आणि दोन, पाच. सरळ पदवी चार वर्षांत. फक्त पहिल्या वर्षाचा खर्च पाहू नका, शेवटच्या वर्षापर्यंतचा पाहा. अन् नंतर पगार सुरू कधी होतो तेही पाहा."

मग अकोला. तिथल्या कारकुनानं विचारायच्या आतच छापील कागद पुढं केला. शिकवणी फी सरकारची. आपण भरायचं ते होस्टेल, मेस, गणवेश, पुस्तकं, परीक्षा. आणि अनामत, जी शेवटी परत.

"यापरीस जास्त काई?" आवडाबाईनं विचारलं.

"काही नाही."

"सरकारचे पैसे उशिरा आले त मधात पोरीले मागसान?"

"नाही मागत, बाई. नियमच आहे तसा."

"मंग यावरच लिहा, अन् शिक्का मारा."

कारकून हसला. पण त्यानं लिहिलं आणि शिक्का मारला. आवडाबाई मग कॉलेजच्या दवाखान्यात गेली. खाटांवर माणसं होती. खरी माणसं: कुणी विव्हळत होतं, कुणाचं पोर रडत होतं, डबे घेऊन आलेले नातेवाईक कोपऱ्यात बसले होते. निळ्या गणवेशातली एक मुलगी एका म्हातारीला कूस बदलायला मदत करत होती, आणि म्हातारी तिलाच शिव्या देत होती. आवडाबाईचं समाधान झालं. शिवाय दुसऱ्या वर्षापासून पोरींना मोठ्या सरकारी दवाखान्यातही पाठवतात, असं तिथल्याच पोरींनी सांगितलं.

शेवटी ती होस्टेलच्या स्वयंपाकघरात शिरली. तिथली मेस लिलाबाई नावाची बाई चालवायची. आवडाबाईनं कोपऱ्यातल्या भाजीच्या क्रेटमधली भेंडी उचलली, टोक मोडून पाहिलं. मोडलं नाही, वाकलं. "निब्बर हाय," ती म्हणाली. लिलाबाईनं रागानं पाहिलं. मग तीही हसली. "ऐंशी पोरींचं जेवण आहे, बाई. भाजीवाला देतो ते घ्यावं लागतं."

संध्याकाळी घरच्या मांडवात चौघं बसली. पुढं भेंडीचा ढीग. पवन म्हणाला, वाशीमच बरं. जवळ आहे, पैसे लागत नाहीत, वर्ष कमी. अकोल्याला होस्टेल नि मेसचेच वर्षाला साठ हजार होतात. त्याचं चुकत नव्हतं. हिरालालनं मान हलवली. ती होकाराची की विचाराची, कुणाला कळलं नाही. आवडाबाई सुनेकडे वळली.

"तू सांग."

"तुमी म्हणसान थे," उज्ज्वला म्हणाली.

"मी दोन्हीकडचा माल पाह्यला. दोन्ही चोख हायत. आता माहं काम संपलं. शिकणार तू हायस. तुले काय पाह्यजे?"

उज्ज्वलेचे हात थांबले. या घरात, आणि त्याआधी माहेरच्या घरातही, असा प्रश्न तिला कुणी सरळ विचारला नव्हता. तिनं पवनकडे पाहिलं, मग सासऱ्याकडे, आणि शेवटी आवडाबाईच्या डोळ्यांत.

"मले डिग्री पाह्यजे, आत्याबाई," ती म्हणाली. आवाज बारीक होता, पण थरथरत नव्हता. "सिस्टर म्हणतात, पुढं शिकवाचं असन, वॉर्डाची मोठी सिस्टर व्हाचं असन, त डिग्री कामी पडते. वाशीमले जाऊन पाच वर्षांत जे होईन, थे मले चार वर्षांत कराचं हाय. खर्च लागते, मले माहीत हाय. सुटीत मी मळ्यात राबीन. पण तुमी इचारलं म्हणून सांगतो. मले डिग्री पाह्यजे."

आवडाबाईनं हातातली भेंडी ढिगात टाकली. "झालं!" ती मांडीवर थाप मारून म्हणाली. "चार वरसं म्हणत होती, सून मुकी हाय का काय!" पवनसुद्धा हसला. त्यानं बायकोला असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं, आणि त्याच्या नजरेत थोडा धाक नि बरंचसं कौतुक होतं.

पण साठ हजारांचा प्रश्न उरलाच. त्यातला मेसचा भाग आवडाबाईनं दुसऱ्या दिवशी पवनच्या पिकअपमध्ये पुढच्या सीटवर बसून, अकोल्याला जाऊन सोडवला. ती सकाळीच लिलाबाईच्या दारात उभी राहिली, सोबत दोन क्रेट: कोवळी भेंडी, आणि देठाला दव असलेली वांगी.

"माहा पोरगा रोज अकोल्याले येते," ती म्हणाली. "तुमच्या मेसले रोजची भाजी मी देतो. आज तोडलेली, आज चुलीवर. भाव बाजाराचाच, पैशानंबी जास्त नाई. माही सून चार वर्षं तुमच्याकडं जेवन. तिच्या मेसचे अर्धे पैसे या भाजीत वळते करा."

लिलाबाईनं भेंडीचं टोक मोडलं. कट्कन आवाज आला. "अर्धे नाही, तिसरा हिस्सा," ती म्हणाली.

"अर्धे. अन् सणाले तुमच्या घरची भाजी फुकट."

अर्ध्या तासानं दोघी चहा पीत बसल्या होत्या, आणि सौदा अर्ध्यावरच ठरला होता. बाहेर पवन गाडीला टेकून उभा. आई आली तशी त्यानं विचारलं, "जमलं?"

"सरकारनं एक स्कॉलरशिप देल्ली," आवडाबाई गाडीत चढत म्हणाली, "दुसरी मी देल्ली."

उज्ज्वला आता दुसऱ्या वर्षाला आहे. पहिल्या वर्षी इंग्रजी पुस्तकांनी तिला रडवलं; एका विषयात ती काठावर पास झाली, आणि फीची सवलत जाते की काय या धास्तीनं पुढचे सहा महिने तिनं मोबाईलला हात लावला नाही. फीच्या सवलतीचा महाडीबीटीचा ऑनलाइन अर्ज दरवर्षी ती स्वतः भरते आणि वर्गातल्या निम्म्या पोरींचाही भरून देते. मळ्यात दोन बायका लावल्यात. पवन आठवड्यातून एकदा भाजी उतरवून झाल्यावर फाटकाजवळ दहा मिनिटं थांबतो, आणि त्या दिवशी घरी यायला त्याला नेहमीपेक्षा उशीर होतो. आवडाबाई त्याबद्दल काही विचारत नाही.

गेल्या हिवाळ्यात कॉलेजात शपथेचा कार्यक्रम झाला. मुली पांढऱ्या गणवेशात, हातात पेटलेल्या पणत्या घेऊन रांगेनं आल्या. आवडाबाई हिरालालला घेऊन दुसऱ्या रांगेत बसली होती. नवं हिरवं लुगडं, नाकात नथ. शपथ इंग्रजीत झाली, मग मराठीत. रोग्याची जात, धर्म, पैसा पाहणार नाही, जमेल तितकी सेवा करीन. साठ मुलींच्या आवाजात उज्ज्वलेचा आवाज कोणता ते तिला ओळखता येईना. ओठ हलताना तेवढे दिसत होते. हिरालाल पूर्ण वेळ हात जोडून बसला होता.

कार्यक्रमानंतर प्राचार्या पालकांना भेटत भेटत त्यांच्याजवळ आल्या. "छान मुलगी आहे तुमची," त्या म्हणाल्या. "वॉर्डात तिचं लक्ष फार. तुम्ही आई ना तिच्या?"

"सासू," आवडाबाई म्हणाली. आजूबाजूच्या चार खुर्च्यांवरच्या माना वळल्या. तेव्हा तिनं आवाज आणखी जरा चढवला. "सासू हाव मी तिची. मालेगावची. आमची उज्ज्वला तीन वरसानं डिग्रीवाली नर्स होणार हाय."

मागून उज्ज्वला पणती सांभाळत, गर्दीतून वाट काढत त्यांच्याकडेच येत होती.